कंपनीचं सस्पेन्शन जोरदार वळणात किती पेलतं? स्वतः तपासण्याची रीत, पायरीपायरीने

"गाडी वळणात फार झुकते, सस्पेन्शन बेकार आहे" या एका वाक्यावर लोक स्प्रिंग बदलतात, गाडी खाली बसवतात, जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारा दांडा) लावतात. नंतर कळतं की गाडी झुकायची कमी झाली, पण वळणातला वेग आहे तिथेच राहिला आणि खडबडीत रस्त्यावर मणका मात्र दुखायला लागला. चूक सुट्या भागांची नसते. आधी काय तपासायचं आणि नंतर काय, हा क्रमच चुकलेला असतो.

खालच्या क्रमाला कारण आहे. गोल फेरीत स्प्रिंग, स्टॅबिलायझर बार आणि टायर कळतात. डाव्या-उजव्या वळणांच्या नागमोडीत शॉक अब्सॉर्बर, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे आवरणारा भाग, कळतो. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचे बुश, म्हणजे जोडांमधली रबरं, बोलायला लागतात. सगळं एकाच घाटात, एकाच जोरदार वळणावर तपासायला गेलात तर काय बिघडलंय ते कधीच कळणार नाही, आणि कळण्याआधी गाडी कठड्यात असेल. म्हणून पहिली अट अशी: यातली एकही चालती चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करायची नाही.

## टप्पा १ : जागा

बंदिस्त, परवानगी घेतलेली, सपाट डांबरी किंवा काँक्रीटची जागा हवी. ट्रॅकवरचा मोकळा भाग मिळाला तर उत्तम. मोठं रिकामं पार्किंगही चालतं, पण त्यात दिव्यांचे खांब, दुभाजक आणि काठाचे दगड नकोत.

३० मीटर त्रिज्येचा गोल आखायचा आहे, म्हणजे गोलच ६० मीटर रुंद होतो. त्याच्या बाहेर सगळीकडे निदान ३५ ते ४० मीटर मोकळं सोडा. हिशोब साधा आहे. ताशी ५५ किलोमीटरवर सुटलेल्या गाडीला कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक लावून थांबायला सुमारे १७ मीटर लागतात. ब्रेक लावायला उशीर होणार, गाडी आडवीही असेल, म्हणून दुप्पट. एवढी जागा नसेल तर २० मीटर त्रिज्येचा गोल घ्या. वेग कमी लागेल, पण स्टेअरिंग जास्त वळवावं लागेल आणि पुढच्या टायरांची झीज वाढेल.

गोल आखताना बहुतेकांची गफलत होते. त्रिज्या मोजायची ती गाडीच्या मधल्या रेषेपर्यंत, गोलाच्या खुणेसाठी ठेवलेल्या कोनपर्यंत (रस्त्यावरच्या शंकूपर्यंत) नाही. गाडी १.७ मीटर रुंद असेल आणि आतली चाकं कोनपासून १५ सेंटिमीटरवरून जाणार असतील, तर कोन २९ मीटरवर ठेवा. म्हणजे गाडी बरोबर ३० वर येते. मध्ये एक खुंटी आणि न ताणणारी दोरी, एवढं पुरे. कोन मऊ प्लास्टिकचे हवेत. दगड, विटा किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या नकोत.

> थांबा, तपासा : संपूर्ण गोल पायी चाला. वाळू, तेलाचा डाग, ओल, सुटी खडी दिसली तर झाडून घ्या. एका चाकाखाली वाळू आली तरी त्या फेरीचा आकडा टाकाऊ होतो.

## टप्पा २ : गाडी उभी असताना

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच गाळतात. पण दमलेल्या गाडीवर कंपनीच्या सस्पेन्शनची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. लाखभर किलोमीटर चाललेल्या बुशवर तुम्ही "कंपनीचं" सस्पेन्शन तपासत नसता, त्याचे अवशेष तपासत असता.

टायर. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख कोरलेली असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला असते, ती आतल्या बाजूला गेली असेल तर गाडीखाली वाकून बघा. चारही टायर एकाच जातीचे आहेत का, पुढच्या-मागच्या नक्षीच्या खोलीत फरक किती, हे लिहून ठेवा. मागचे टायर जुने आणि पुढचे नवे असतील तर गाडीचं मागचं टोक घसरण्याकडे कल राहतो आणि दोष उगाच सस्पेन्शनच्या माथी बसतो. अगदी नव्या टायरचे उंच ठोकळे जोरात वळताना वाकतात. त्यामुळे स्टेअरिंग थोडं भोंगळ वाटतं, तेही लक्षात असू द्या.

शॉक अब्सॉर्बर. कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा डुलते ते मोजायचं, ही जुनी चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉक पकडते. अर्धा दमलेला शॉक तिथे बेमालूम पास होतो. त्यापेक्षा चाकामागे टॉर्च मारून बघा. अंगावर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर बहुधा काळजी नाही. ओलसर, खाली ओघळ आलेला असेल तर तो गळतोय.

चाकातली ढील. गाडी जॅकवर उचला, स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. ढील जाणवली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावीकडून-उजवीकडून धरून हलवल्यावर ढील आली तर बहुधा टाय रॉडचं टोक. दोन्ही दिशांना सारखीच ढील असेल तर बेअरिंगवर संशय घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

स्टॅबिलायझर बारच्या लिंक आणि बुश. ही लिंक ढिली असेल तर बार कितीही जाड असला तरी तो कामाला लागेपर्यंत गाडी अर्धी झुकून झालेली असते. स्वस्तातला भाग, पण "गाडी आधी झुकते आणि मग अचानक आवरते" या तक्रारीमागे अनेकदा हाच असतो.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचे) बुश. रबराला आरपार भेग असेल तर चाकाचा कोन वळणात आपल्या मर्जीने बदलतो. वरवरच्या बारीक भेगांनी घाबरू नका.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी. ताज्या मापाचा कागद हातात हवा. सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं असेल तर चाचणी पुढे ढकला.

> इशारा : इथे दोष सापडला तर आधी तो दुरुस्त करा. "नंतर बघू, आधी चाचणी तर करू" म्हणून निघालात तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी आहेत. बॉल जॉइंटमध्ये ढील असताना जोरात वळणं तर सरळ धोक्याचं आहे.

## टप्पा ३ : हवा, वजन आणि खुणा

हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. हवेचा पंप तासभर गाडी चालवून गाठला आणि गरम टायरला स्टिकरचा आकडा लावला, तर प्रत्यक्षात हवा कमीच भरली जाते. ही चूक इतकी सर्रास होते की "गाडी वळणात लोळते" ऐकलं की माझा पहिला प्रश्न हवेचाच असतो.

गाडीतून सुटं सामान काढा: पाण्याची बाटली, छत्री, डिकीतली पेटी, टपावरचा कॅरिअर, चालकाच्या बाजूची सुटी पायपुसणी. पेट्रोल अर्ध्याच्या वर ठेवा. लांब गोल फेरीत इंधन टाकीच्या एका बाजूला चढतं आणि पंप कोरडा पडू शकतो. इंजिन ऑइलही वरच्या खुणेजवळ असू द्या, कारण तेच तिथेही घडतं. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर घट्ट करा.

आता तीन खुणा:

1. स्टेअरिंगच्या माथ्यावर रंगीत टेपचा एक तुकडा, चाकं सरळ असताना बरोबर बारा वाजता. डॅशबोर्डवर त्याच्या समोर कागदाची कोनमोजणी, दर १० अंशांवर रेघ.
2. प्रत्येक टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून कड सुरू होते तिथे, खडूची आडवी जाड रेघ. तीन ठिकाणी ओढा.
3. शॉकचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर वायर बांधायची एक पातळ प्लास्टिक टाय, हाताने सरकेल इतकीच घट्ट. शॉक दाबला गेला की ती वर सरकते आणि चाक किती वर गेलं ते नंतर मोजता येतं. दांडा धूळ-आवरणाखाली असेल तर ही खूण सोडून द्या, आवरण फाडू नका.

फोन समोर पक्का बसवून व्हिडिओ चालू ठेवा, टेप आणि वेगाचा काटा दोन्ही दिसतील असा. वेळ मोजायला माणूस गोलाजवळ उभा करू नका. वेळ नंतर व्हिडिओवरून काढता येते.

## टप्पा ४ : टायर तापवणे

ताशी ३० ते ३५ वेगाने दोन्ही दिशांना चार-पाच फेऱ्या. थंड टायरवर पहिल्याच फेरीत जोर लावला की पकड कमी मिळते आणि आकडा खोटा येतो. ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चालू ठेवायची. "बंद केल्याशिवाय खरं कळत नाही" असं सांगणारे भेटतील. तुम्हाला हवंय ते ईएससी चालू असतानाही कळतं. तिचा दिवा नेमका कधी लुकलुकला, हाच तुमच्यासाठी एक आकडा आहे.

## टप्पा ५ : स्थिर गोल, म्हणजे मुख्य चाचणी

इथे घाई नको, कारण अर्ध्याहून जास्त माहिती याच टप्प्यात मिळते.

एका दिशेने गोलावर लागा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये वेग स्थिर करा आणि तीन सलग फेऱ्या त्याच वेगाने मारा. तिन्हींचा एकूण वेळ तीनने भागा. मग वेग ताशी तीन-चार किलोमीटरने वाढवा, पुन्हा तीन फेऱ्या. प्रत्येक वेगाला टेप कुठल्या रेघेवर आहे तेही लिहा. नंतर सगळं उलट्या दिशेने. जागेचा उतार आणि चालकाचं एका बाजूचं वजन दोन्ही दिशांच्या सरासरीत बरंचसं निघून जातं. एकाच दिशेचा आकडा कुणी सांगितला तर तो धरू नका.

वळणाचा जोर 'जी'मध्ये (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) काढायचं गणित: मीटरमधल्या त्रिज्येला ४.०२ ने गुणा आणि एका फेरीच्या सेकंदांच्या वर्गाने भागा. ३० मीटरच्या गोलासाठी तयार आकडे असे:

- २० सेकंद : ताशी ३४ किमी, ०.३० जी
- १७ सेकंद : ताशी ४० किमी, ०.४२ जी
- १५ सेकंद : ताशी ४५ किमी, ०.५४ जी
- १४ सेकंद : ताशी ४८.५ किमी, ०.६२ जी
- १३ सेकंद : ताशी ५२ किमी, ०.७१ जी
- १२ सेकंद : ताशी ५६.५ किमी, ०.८४ जी

रोजच्या चालवण्यात ०.३ ते ०.४ च्या पुढे फारसं कुणी जात नाही. चांगल्या टायरवरची साधी कार कोरड्या डांबरावर साधारण ०.७५ ते ०.९ पर्यंत धरून राहते. फोनवरच्या जी-मीटरवर विसंबू नका. गाडी बाहेर झुकली की फोनही झुकतो आणि गुरुत्वाकर्षणाचा एक तुकडा त्या आकड्यात मिसळतो. ४ अंशांचा झुकाव असेल तर सुमारे ०.०७ जी फुकटचे वाढतात. जास्त झुकणारी गाडी फोनवर जास्त पकडीची दिसते, म्हणजे निकाल चक्क उलटा.

आता टेपकडे बघा. साधारण ०.४ जीपर्यंत वेग वाढेल तसं स्टेअरिंग थोडं थोडं, एकसारखं वाढवावं लागतं. त्याच्या पुढे वाढ मोठी व्हायला लागते आणि शेवटी एक वेळ येते की स्टेअरिंग आणखी वळवलं तरी गाडी आणखी वळत नाही. पुढचे टायर संपले. याला अंडरस्टिअर म्हणतात आणि कंपन्या ते मुद्दाम ठेवतात, कारण साधा चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि तेवढ्याने गाडी परत ओळीत येते. त्यामुळे "गाडी अंडरस्टिअर करते" हा दोष नाही. ती किती आधी, किती हळूहळू आणि किती आगाऊ सूचना देऊन करते, हे बघायचं. ०.५ पासून स्टेअरिंग जड होत जाऊन ०.७५ ला टायर कण्हायला लागले तर ती चांगली गाडी. ०.७ पर्यंत काहीच न कळता एकदम पुढचं टोक बाहेर गेलं तर आकडा मोठा असूनही ती वाईट.

झुकण्याबद्दल. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन झुकण्यामुळे जातं, असा समज घट्ट बसला आहे. १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. ०.८ जीला सुमारे ४१० किलो बाहेर सरकतात. आतल्या बाजूला २९० उरतात, बाहेरच्या बाजूवर १११०. या हिशोबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच नाही. स्प्रिंग दुप्पट कडक केल्या तरी एकूण सरकणारं वजन जवळपास तेवढंच राहतं. बदलतं ते एवढंच, की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांमध्ये सरकतो आणि किती मागच्या. पुढचा बार जाड केला तर पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त बोजा येतो आणि बऱ्याच गाड्यांत अंडरस्टिअर वाढतं. झुकणं कमी, पकडही कमी. पैसे देऊन घेतलेला तोटा.

झुकण्याने खरं नुकसान होतं ते चाकाच्या कोनातून. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेली रचना) असलेल्या गाडीत बॉडी झुकली की बाहेरचं चाकही बाहेर कलतं आणि टायर खांद्यावर उभा राहतो. त्याची तपासणी टप्पा ८ मध्ये येते.

> इशारे : पुढचं टोक बाहेर जायला लागलं की स्टेअरिंग आणखी पिळू नका, थोडं सैल करा आणि ॲक्सिलरेटर हलकेच कमी करा. वळणात असताना जोरात ब्रेक नाही. तेलाचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी चाचणी तिथेच बंद. दर तीन-चार संचांनंतर सरळ रेषेत हळू चालवून टायर निवू द्या.

> फसगत : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत शेवटी-शेवटी आतलं पुढचं चाक फिरायला लागतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापतं. चालकाला वाटतं मर्यादा आली. प्रत्यक्षात आतलं चाक हलकं पडलं, एवढंच. दिवा लुकलुकून वेग आपोआप पडला तर तसं लिहून ठेवा. तो आकडा वळणातल्या पकडीचा धरू नका.

उंच गाड्यांना, म्हणजे एसयूव्ही आणि व्हॅनना, वेगळा नियम. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. साधारण इतक्या जीला गाडी उलटू शकते; वरच्या कारचा आकडा १.३६ येतो. उंच गाडीत तो १.१ च्या आसपासही असू शकतो आणि सस्पेन्शनचं झुकणं त्यातूनही थोडं खातं. अशा गाडीत ०.६ जीला थांबा आणि नागमोडी चाचणी कमी वेगातच ठेवा. काठाचा दगड किंवा मऊ माती जवळ असेल तर मुळीच करू नका. गाडी उलटते ती बहुतेक वेळा अशा ठिकाणी चाक अडखळून.

## टप्पा ६ : वळणात ॲक्सिलरेटर सोडणे

०.४ जीला स्थिर फेरी, स्टेअरिंग आहे तिथेच धरून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. क्लचला हात लावू नका. म्हणजे पाय. गाडीने नाक थोडं आत घ्यावं आणि शांत व्हावं. तसं झालं तर ०.५ ला पुन्हा, आणि फार तर ०.६ ला. त्यापुढे जाऊ नका.

मागचं टोक बाहेर फेकलं गेलं, किंवा प्रत्येक वेळी ईएससीला धावून यावं लागलं, तर या क्रमाने संशय घ्या: मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले, मागची हवा चुकीची, मागच्या ॲक्सलचे बुश सैल, मागच्या चाकांचा टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडलेला. ट्विस्ट बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई) असलेल्या गाड्यांत बुश सैल झाले की बाजूच्या दाबाने सगळा बीमच थोडा फिरतो आणि मागची चाकं स्वतःच बाहेर वळतात. उभ्या गाडीवर हे सापडत नाही. इथे मात्र लगेच कळतं.

## टप्पा ७ : नागमोडी

सरळ रेषेत १८ मीटर अंतरावर सहा कोन. ताशी ४० ने सुरुवात, मग दोन-दोनने वाढ, ५० च्या पुढे गरज नाही.

शॉक अब्सॉर्बर फक्त हलताना काम करतो. स्थिर गोलात गाडी एकदा झुकून थांबली की शॉकही थांबतो, म्हणून दमलेले शॉक टप्पा ५ मध्ये चांगले गुण मिळवून निसटतात. "गोलात तर उत्तम होती" म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकतं. बाजू बदलताना मात्र शॉक पूर्ण कामाला लागतो. बघायच्या गोष्टी तीन. स्टेअरिंग वळवल्यापासून गाडी वळायला लागेपर्यंत किती उशीर होतो. चौथ्या-पाचव्या कोनला झुकणं पहिल्यापेक्षा वाढतंय का. आणि शेवटच्या कोननंतर स्टेअरिंग सरळ केल्यावर बॉडी एका हेलकाव्यात थांबते की दोन-तीन घेते. एकसारख्या वेगात झुकणं वाढत गेलं तर शॉक गाडीला आवरू शकत नाही आहे.

खड्ड्यावरची परीक्षा हवी असेल तर याच जागेत एखादा काँक्रीटचा जोड किंवा छोटा उंचवटा वाटेत येईल असं वळण घ्या, पण ०.३ ते ०.४ जीवरच. मागचं टोक एकदा बाजूला हललं आणि जागेवर बसलं तर ठीक. उड्या मारत बाहेर सरकलं तर मागचे शॉक बघा.

## टप्पा ८ : गाडीने काय लिहून ठेवलंय ते वाचा

जोराच्या फेऱ्या संपल्या की लगेच थांबा आणि गरम असतानाच बघा.

खडू. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर बारीक त्रिकोण किंवा बाण असतो. खडू साधारण तिथपर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर आहे. त्याच्या पुढे, कडेच्या भिंतीवर उतरला असेल तर त्या जोडीत दोन पीएसआय वाढवून टप्पा ५ पुन्हा करा, पण टायरवरच्या कमाल मर्यादेच्या आत. स्टिकरवरच्या आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका.

झीज. पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा खरबडीत आणि आतला गुळगुळीत राहिला असेल, तर झुकण्यामुळे चाकाचा कोन जातो आहे. यावर पहिला उपाय स्प्रिंग नाही. अलाइनमेंटवाल्याकडून कंपनीच्या मर्यादेत जितका निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) मिळेल तितका, दोन्ही बाजूंना सारखा घ्या आणि त्यानंतर टो पुन्हा जुळवा. कॅम्बर हलवला की टो हलतोच. तो तसाच सोडला तर हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये टायर खाऊन टाकतो.

प्लास्टिक टाय. ती बंप स्टॉपला (सस्पेन्शन दाबत गेलं की शेवटी आडवा येणारा मऊ अडसर) जाऊन टेकली असेल तर दचकू नका. आजच्या गाड्यांत मऊ, लांब बंप स्टॉप हा स्प्रिंगचाच भाग धरलेला असतो. पण तो पूर्ण चेपला गेला असेल तर त्या क्षणी तो कोपरा एकदम कडक होतो. पुढे झालं तर अचानक अंडरस्टिअर, मागे झालं तर मागचं टोक अचानक सुटतं. खाली बसवलेल्या गाड्या मर्यादेवर बिचकतात त्याचं मोठं कारण हेच, कारण तिथे बंप स्टॉप कायमच जवळ आलेला असतो.

निघण्याआधी टाय काढून टाका, नट पुन्हा टॉर्क करा आणि टायर थंड झाल्यावर स्टिकरचा आकडा परत लावा.

## टप्पा ९ : निकाल आणि पुढचं पाऊल

गोलातला आकडा कमी, पण स्टेअरिंग आणि बॉडी शांत? टायर बदला. सस्पेन्शनमध्ये काही करायचं नाही. बहुसंख्य गाड्या याच वर्गात निघतात आणि लोकांना हे उत्तर आवडत नाही, कारण टायर बाहेरून दिसायला तसाच काळा गोल असतो.

आकडा चांगला, पण नागमोडीत डुलते? शॉक. आधी कंपनीच्याच नव्या जोडीने बदला, दोन्ही बाजूंना एकदम. वरचे माउंट आणि बंप स्टॉपही त्याच वेळी.

एका दिशेला आकडा लक्षणीय कमी? अलाइनमेंट, एका बाजूचा बुश किंवा लिंक. टप्पा २ कडे परत जा.

आकडा चांगला, बॉडी शांत, पण गाडी हट्टाने सरळच जाते आणि पुढचे टायर संपतात? इथे, आणि फक्त इथे, मागच्या स्टॅबिलायझर बारचा विचार करायला हरकत नाही. थोडाच कडक घ्या आणि लावल्यावर टप्पा ६ आधी करा, टप्पा ५ नंतर. मागचं टोक आता पूर्वीइतकं माफ करणारं राहिलेलं नसतं.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग यादीत सगळ्यात शेवटी. स्ट्रटच्या गाडीत बॉडी थोडी खाली आणली की वळणात ती ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर तिच्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि कडक स्प्रिंगचा बराचसा फायदा तिथेच जिरतो.

काहीही बदला, एका वेळी एकच गोष्ट बदला. नवे टायर, नवी हवा आणि नवं अलाइनमेंट एकाच दिवशी झालं तर आकडा का वाढला ते सांगता येणार नाही. प्रत्येक बदलानंतर तोच गोल, तीच हवा, तेवढंच पेट्रोल आणि साधारण तेवढंच तापमान ठेवा. शक्य असेल तर सकाळचीच वेळ, डांबर तापण्याआधीची. दोन आकड्यांत ०.०२ जीपेक्षा कमी फरक असेल तर तो घड्याळाचा आणि हाताचा फरक समजा. १३ सेकंदांच्या फेरीत सेकंदाचा पाचवा भाग इकडे-तिकडे झाला तरी तेवढा फरक पडतो.